कापसाच्या खोलीतला उत्तरेचा उजेड

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याच्या माझ्या स्टुडिओत महिन्यातून दोन-तीनदा तरी कुणीतरी आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन येतं. घरातलं म्हातारं माणूस गेलेलं असतं, तेराव्याच्या आत फ्रेम हवी असते आणि त्या माणसाचा दुसरा फोटो घरात नसतो. नखाएवढा आधारवरचा फोटो मी बारा बाय अठरापर्यंत ताणतो. चेहऱ्याची नुसती चौकोनी ढेपळं उरतात, मग ती घासूनपुसून गुळगुळीत करावी लागतात. बरेच जण अंगावर कोटही चढवून मागतात. मागच्या दिवाळीनंतर एका गावातल्या बचत गटाच्या ताई अशीच तयार फ्रेम घेऊन परत आल्या. फोटो त्यांच्या सासऱ्यांचा होता. सासूबाईंनी तो भिंतीवर लावू दिला नव्हता. त्यांचं म्हणणं ताईंनी जसंच्या तसं सांगितलं : "हा आपला बुढा नोहे. हे कोणाचे कपडे घातले याले?"

त्याच दिवशी ताईंनी ठरवलं, की गावातल्या सत्तरीपुढच्या प्रत्येक माणसाचा एक चांगला फोटो तो जिवंत असतानाच काढून ठेवायचा. यादी झाली एकतीस जणांची. प्रिंटचा खर्च गट करणार, काम मी करणार आणि काम गावातच होणार. यादीतले निम्मे लोक पंचवीस किलोमीटर जीपमध्ये बसू शकत नव्हते, म्हणून त्यांना स्टुडिओत आणण्याचा विचारच सोडून दिला. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता, कापूस वेचणी जोरात होती. यादीतल्या नऊ बाया पंचाहत्तरीतही वेचायला वावरात जात होत्या. त्या दिवेलागणीनंतरच मोकळ्या होणार होत्या.

या कामात उजेडाचे जे निर्णय घेतले, आधी जे चुकले आणि नंतर जे जमले, ते सगळं इथं नोंदवतो. खेड्यातल्या घरात, शाळेत नाही तर मंदिरात माणसांचे चेहरे टिपायची वेळ आपल्याकडच्या बहुतेक फोटोग्राफरांवर येते. तेव्हा आपण पहिला हात फ्लॅशच्या बॅगेला घालतो. मीही तेच केलं होतं.

पहिली फेरी : शाळेची खोली

सामान मोजकंच होतं. क्रॉप सेन्सरचा एक कॅमेरा, ५० मिमी एफ/१.८ची लेन्स, दोन स्पीडलाइट (सुटे छोटे फ्लॅश) आणि ते लांबून उडवणारे रेडिओ ट्रिगर, एक पांढरी छत्री, दोन स्टँड, एक छोटं एलईडी पॅनल आणि उजेड-रंग मोजायचं एक करडं ग्रे कार्ड.

कामाच्या चार दिवस आधी मी जागा पाहायला गेलो. समाजमंदिर पहिल्यांदाच बाद केलं. वर टिनपत्रे, दार दक्षिणेला, खाली चकचकीत फरशी. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दारातून आलेलं ऊन थेट फरशीवर पडून माणसाच्या हनुवटीखालून वर येत होतं. शाळेची खोली मात्र बरी वाटली. मोठी होती, दोन्ही अंगांना खिडक्या होत्या आणि स्वच्छ होती. तिथं त्याच दिवशी चार जणांचे फोटो काढून पाहिले.

आधी खिडक्यांच्या उजेडात काढले. दोन समोरासमोरच्या खिडक्या म्हणजे दोन्ही कानशिलं उजळ आणि मधोमध नाकाच्या दोन्ही बाजूंना काळपट पट्टा. चेहरा मधून दुमडल्यासारखा दिसतो. त्यात भिंतीला खालून चार फुटांपर्यंत पोपटी ऑइल पेंट. खुर्चीत बसलेल्या माणसाचं तोंड नेमकं त्याच उंचीवर येतं. सावलीतल्या गालावर आणि मानेवर हिरवट झाक उतरली. डोळ्यांना ती तिथं जाणवत नाही, कारण डोळे सवयीनं रंग सांभाळून घेतात. कॅमेरा सांभाळून घेत नाही. आणि ही झाक चेहऱ्याच्या एकाच बाजूला असते, म्हणून व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं यासाठीची कॅमेऱ्यातली रंगांची जुळवणी, फिरवून ती जात नाही. सावली सुधारली की उजेडाची बाजू जांभळट होते.

मग खिडक्या लावून घेतल्या आणि छत्रीतून फ्लॅश मारला, कॅमेऱ्याच्या जरा वर आणि जरा उजवीकडे. फोटो नीट आला. फोकस बरोबर, उजेड बरोबर. चौथ्या आजीला कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि विचारलं, "माह्या कपाळावरचं गोंदन कुठी गेलं?"

गोंदण खरंच दिसत नव्हतं. दोन भुवयांच्या मध्ये आणि वर, सत्तर वर्षांपूर्वी काढलेले हिरवट निळे ठिपके, आणि फोटोत त्या जागी एक पांढरी चकाकी.

या प्रश्नानं पुढची सगळी दिशा बदलली, म्हणून त्याचं कारण नीट सांगतो. कातडीवरून उजेड दोन प्रकारे परत येतो. काही उजेड कातडीत शिरून, रंग घेऊन बाहेर येतो. काही वरच्या तेलकट-घामट थरावरून आरशासारखा तसाच परावर्तित होतो. त्या दुसऱ्या उजेडात कातडीचा रंग नसतो, तो दिव्याच्याच रंगाचा असतो. गोंदण कातडीच्या आत असतं. वर चकाकी आली की ते झाकलं जातं. आता कपाळ बाहेरच्या बाजूला गोल असतं. दिवा कॅमेऱ्याच्या जवळ ठेवला तर आरशाच्या नियमानं ही चकाकी कपाळाच्या मधोमध येते, म्हणजे नेमकी गोंदणावर. दिवा बाजूला नेला की ती कानशिलाकडे सरकते. उन्हातान्हात राबलेल्या सावळ्या, काळ्या चेहऱ्यावर हे जास्त ठळक दिसतं, कारण भोवतालची कातडी गडद असते आणि चकाकी तेवढीच पांढरी राहते. असे चेहरे समोरून दिव्याचा मारा करून उजळत नाहीत. बाजूनं आलेल्या मोठ्या, मऊ उजेडात हाडांची ठेवण आणि सुरकुत्यांची वळणं आपोआप उमटतात.

कवडी वेचणारी आजी

त्याच दुपारी ताईंच्या जावेकडे चहाला गेलो. वऱ्हाडात नोव्हेंबर-डिसेंबरात शेतकऱ्याच्या घराचं काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. भाव वाढेल या आशेनं कापूस घरातच ठेवतात, आणि समोरची बैठकीची खोलीच आधी भरते. या घराच्या खोलीतही दक्षिणेच्या भिंतीला टेकून छातीएवढा ढीग होता. दार उत्तरेला, अंगणाकडे उघडणारं. दारापासून तीन-चार हात आत, बारदान्यावर बसून तीच आजी कापसातली कवडी, म्हणजे किडका, खराब कापूस, वेगळी करत होती. मान जरा दाराकडे वळलेली. कपाळावरचा गोंदणाचा ठिपका अन् ठिपका दिसत होता, हनुवटीवरचासुद्धा. तिथंच जागा पक्की झाली.

यवतमाळ जिल्हा साधारण २०.४ अंश उत्तर अक्षांशावर येतो. नोव्हेंबरच्या अखेरीस भर दुपारीसुद्धा सूर्य इथं दक्षिणेच्या आभाळात पन्नास अंशांच्या आसपासच चढतो. म्हणजे उत्तरेच्या दारातून दिवसभरात एकदाही ऊन आत येत नाही, येतो तो आभाळाचा उजेड. तो हळूहळू बदलतो, धारदार सावली टाकत नाही. जुन्या काळी, विजेचे दिवे यायच्या आधी, युरोपातले फोटो स्टुडिओ उत्तरेकडे काचेचं छप्पर ठेवून बांधत ते याचसाठी. या घराला आणखी एक देणगी होती. अंगणाच्या पलीकडची, पंचवीसेक फुटांवरची भिंत पांढऱ्या मातीनं पोतारलेली होती. तिचं तोंड दक्षिणेला, त्यामुळे तिच्यावर दिवसभर ऊन. ती उन्हानं तापलेली पांढरी भिंत म्हणजे दारासमोर उभा केलेला भला मोठा रिफ्लेक्टर. आभाळाचा उजेड निळसर असतो, भिंतीचा थोडा उबदार. दोन्ही मिळून चेहऱ्यावर जो रंग येत होता तो कुठल्याही पॅनलला जमला नसता.

खोली मिळाली म्हणून काम संपलं नाही. खरं काम होतं नको तो उजेड बंद करण्याचं, आणि रविवारी सकाळचा पहिला तास त्यातच गेला. मागचं परसाचं दार लावून घेतलं. छपराच्या कवेलूंच्या (कौलांच्या) फटींतून उन्हाच्या चकत्या खाली पडत होत्या. त्यातली एक नेमकी बसायच्या जागी येत होती, तिच्यावर पोतं टाकायला घरातला मुलगा वर चढला. मधला एलईडी बल्ब मालवला. तो पिवळसर होता, आणि दाराच्या उजेडात मिसळला तर चेहऱ्याची एक बाजू निळी आणि एक पिवळी झाली असती. शिवाय आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त बल्ब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. शटर १/५० किंवा १/१००वर ठेवलं नाही तर एका फोटोत चेहरा उजळ, दुसऱ्यात मंद असा खेळ होतो. पश्चिमेच्या भिंतीला निळा डिस्टेंपर होता. तो मागे नऊ-दहा फुटांवर अंधारात जात होता, म्हणून तसाच राहू दिला.

एका बाबतीत मी अजिबात मागे हटलो नाही. मदत म्हणून मंडपवाल्याचा पोरगा मोठा हॅलोजन घेऊन आला होता, भरपूर उजेड पडेल म्हणून. हॅलोजनची काच इतकी तापते की सुटा कापूस त्याला लागला तर पेट घेऊ शकतो. वर्षाचं पीक ज्या खोलीत पडलंय तिथं असा दिवा लावायचाच नाही. फोटो वाईट आले तरी चालेल. दिवा त्याच पावली परत पाठवला.

दार, ढीग आणि घोंगडी

मांडणी अशी होती. माणूस दारापासून चार फूट आत, पाठ पश्चिमेला. कॅमेरा पूर्वेला. दार माणसाच्या एका हाताला, कापसाचा ढीग दुसऱ्या हाताला पाच फुटांवर. चेहरा कॅमेऱ्याकडून जरासा दाराकडे वळवलेला.

चार फूटच का, तर ते मोजून ठरवलं. उजेड अंतराच्या वर्गानं कमी होतो हे आपण सगळे शिकतो, पण तो नियम लहान दिव्याला लागू पडतो. साडेतीन फूट रुंद आणि सहा फूट उंच दाराच्या जवळ उजेड त्याहून सावकाश उतरतो. एक स्टॉप उतरणं म्हणजे उजेड निम्मा होणं. दोन फुटांवरून चारवर गेलं की एक स्टॉपच्या थोडं पुढे, चारवरून आठवर गेलं की दीड स्टॉपहून जास्त. दोन फुटांवर माणूस जरा पुढे झुकला तरी एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणाऱ्या उजेडाचं माप, बदलत होतं, आणि म्हातारी माणसं झुकतातच. आठ फुटांवर उजेड इतका सपाट आणि मंद झाला की बाजूनं येण्याचा अर्थच उरला नाही. चारवर दोन्हींची तडजोड झाली.

कापूस हा रिफ्लेक्टर म्हणून किती चांगला असतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. थर्माकोलचा तुकडा किंवा फ्लेक्स बॅनरची पांढरी पाठ आपण वापरतो, पण ते सपाट असतात आणि जरा तिरपे झाले की उजेडाचा पट्टा पडतो. कापसाचा ढीग उतरता, गोलसर आणि पूर्ण निस्तेज. तो उजेड चहूकडे सारखा पसरवतो. ढीग उघडा असताना सावलीचा गाल उजेडाच्या गालापेक्षा दीड स्टॉप खाली होता. ढिगावर काळी घोंगडी टाकली की हाच फरक तीन स्टॉपपर्यंत जायचा. सगळी मऊ-कडक करण्याची सोय तेवढ्या एका घोंगडीत होती. शकुंतला रेल्वेवर गँगमन राहिलेले एक आजोबा होते. रुंद जबडा, मोठ्या मिशा. त्यांच्यासाठी घोंगडी पूर्ण टाकली. ज्यांचे डोळे खोल गेले होते त्यांच्यासाठी ढीग सगळा उघडा.

खोल डोळ्यांवर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. वय झालं की डोळे आत जातात, भुवईचं हाड पुढे येतं. उजेड वरून आला की डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खाचा उरतात, आणि ज्या घरात हा फोटो पुढे वर्षानुवर्षं पाहिला जाणार तिथं लोक आधी डोळेच शोधतात. दार जमिनीपासून सुरू होतं. माणूस बारदान्यावर खाली बसला तर दाराचा मोठा भाग त्याच्या डोळ्यांच्या वर राहतो. खाटेवर बसवलं तर उजेड समोरासमोर येतो, पण अंगणातून परतलेला उजेड खालून हनुवटीत शिरतो. म्हणून खाटेवर बसवून दाराच्या खालच्या दीड फुटाला पोत्याचा आडोसा केला. मग उजेडाचा मध्य डोळ्यांपेक्षा वीतभर वर आला. बाहुलीत दाराचा उभा पांढरा ठिपका उमटला. तो दिसल्याशिवाय मी शटर दाबलं नाही.

बाहेर थांबलेल्यांना हे पटत नव्हतं. "अंधारात कायले बसवता जी? अंगनात एवढं ऊन हाय," असं एका आजोबांनी दोनदा विचारलं. मी त्यांना आधी अंगणात उभं करून एक काढला, मग आत बसवून एक. दोन्ही दाखवले. उन्हातल्या फोटोत डोळे मिटलेले आणि टोपीची सावली नाकापर्यंत. ते काही बोलले नाहीत, फक्त बाहेर जाऊन पुढच्याला म्हणाले, "जाय आत."

चष्म्यांचं थोडक्यात सांगतो. दाराचं प्रतिबिंब काचेत येत असेल तर चष्म्याच्या काड्या कानांवरून बोटभर उचलायच्या, काचा जराशा खाली झुकतात आणि प्रतिबिंब खाली निघून जातं. चष्मा काढायला मी कुणालाच सांगितलं नाही. नातवंडांनी ज्या चेहऱ्याला आजोबा म्हटलंय त्यावर चष्मा असतो.

पांढरी टोपी, काळा चेहरा

आपल्याकडच्या म्हाताऱ्या पुरुषाचा फोटो म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरची कसोटी. टोपी पांढरी, सदरा पांढरा, धोतर पांढरं, खांद्यावर दुपट्टा पांढरा आणि मध्ये गडद चेहरा. मीटर सरासरी काढतो, पांढरं जास्त दिसलं की एक्स्पोजर उतरवतो आणि चेहरा काळाठिक्कर पडतो. उलट चेहऱ्यावर स्पॉट मीटर लावलं तर तो काळ्याला करडा करू पाहतो. टोपी फुटते आणि चेहरा धुतल्यासारखा होतो. म्हणून मीटरला विचारणं बंद केलं. माणसाच्या गालाशी ग्रे कार्ड धरलं, त्यावरून एकदा मॅन्युअल एक्स्पोजर ठरवलं आणि उजेड बदलेपर्यंत हात लावला नाही. सकाळी दहा ते दुपारी तीन आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००, लेन्सचं छिद्र एफ/४, शटर १/१२५ सेकंद. चेहरे कार्डाच्या एक स्टॉपभर खाली आले, ते त्यांच्या खऱ्या जागीच होते. टोप्या सव्वादोन स्टॉपच्या आसपास वर. कॅमेऱ्याच्या कच्च्या, न आवळलेल्या रॉ फाइलमध्ये दोन्ही टोकं सहज मावली.

व्हाइट बॅलन्सच्या बाबतीत मी सकाळी एक चूक केली. कार्ड सापडेपर्यंत समोरच्या कापसावरून बॅलन्स घेतला, पांढराच तर आहे म्हणून. कापूस पांढरा दिसतो पण त्यात हलकी पिवळसर साय असते. त्यावरून बॅलन्स घेतला की कॅमेरा पिवळा काढायला निळा घालतो. पहिले तीन चेहरे थंड, आजारी दिसले. मग एकानं सुचवलं की सदऱ्यावरून घ्या. ते तर उलट टोक. आपल्याकडे पांढऱ्या कपड्यांना नीळ देतात, त्यावरून बॅलन्स घेतला तर चेहरे नारिंगी होतात. कार्ड हातात आल्यावर प्रश्न मिटला. ग्रे कार्ड स्वस्त असतं आणि खिशात मावतं, ते बॅगेच्या तळाशी टाकू नये.

आणखी एक काळजी : त्या खोलीत लेन्स बदलली नाही. हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात आणि सेन्सरवर बसला एक तरी पुढचे सगळे फोटो डागाळतात.

तीननंतर घराची सावली अंगणात लांबत गेली आणि समोरच्या भिंतीवर चढू लागली, तसा उजेड झपाट्यानं उतरला. साडेतीनला आयएसओ ८००वर जावं लागलं. तोवर एकवीस झाले होते.

एक खाट, चार कवेलू

यादीतले एक बाबा दीड वर्षांपासून खाटेवरून उठलेले नव्हते. त्यांच्या घराची आतली खोली अंधारी, खिडकी नाही, दार दक्षिणेला आणि दोन खोल्या पलीकडे. हातात फ्लॅश होता, पण कवेलूंचं छप्पर धुरानं काळं पडलेलं, त्यावरून उजेड परत येत नाही. समोरून मारायचा तर पुन्हा तोच पासपोर्टसारखा सपाट फोटो. आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उजेड झोंबतो असं घरचे सांगत होते.

बाबांच्या नातवानंच विचारलं, कवेलू सरकवू का. तो वर चढला आणि खाटेच्या उत्तरेच्या अंगाला चार कवेलू बाजूला केले. दीड हाताचं आभाळ उघडलं. तिरपं ऊन आत येत होतं ते खाटेच्या पायथ्याशी पडत होतं, चेहऱ्यावर नाही. पण वरून आलेला उजेड खाचा पाडणारच, म्हणून दोघांनी भोकाखाली पांढरं लुगडं ताणून धरलं आणि मी बाबांच्या छातीवर घरातला धुतलेला पांढरा दुपट्टा पसरला. वरचा उजेड लुगड्यानं मऊ झाला, छातीवरून परतलेला उजेड डोळ्यांत शिरला. आयएसओ १६००, एफ/२.८, १/६०. त्यांची मान उशीवर वळलेली होती, ती तशीच ठेवली. पाच मिनिटांत आटोपलं आणि कवेलू परत बसवले.

दिवेलागणीनंतर तेच दार

साडेपाचच्या पुढे सूर्य मावळला. वेचणीवरच्या नऊ जणी सहानंतर एकेक करून आल्या. अंगाला पऱ्हाटीचा वास, बोटांना बोंडांच्या टोकांचे ओरखडे. आता दार काळं होतं.

मला त्यांचे फोटो वेगळे दिसू द्यायचे नव्हते. दिवसा बसलेल्यांना दाराचा उजेड आणि दिवसभर राबून आलेल्यांना फ्लॅशचा मारा, हे योग्य वाटेना. म्हणून दार पुन्हा बनवलं. चौकटीला पांढरी चादर ताणून खिळ्यांना अडकवली. बाहेर अंगणात, चादरीपासून सहा फुटांवर स्टँडवर स्पीडलाइट उभा केला, उभा वळवून, सगळ्यात रुंद झूमवर, तोंड चादरीकडे. जवळ ठेवला असता तर चादरीच्या मध्यात एक झगझगीत गोळा झाला असता आणि कडा अंधारल्या असत्या. सहा फुटांवरून पूर्ण चौकट भरते. माणूस त्याच खाटेवर, ढीग त्याच बाजूला, पोत्याचा आडोसा तिथंच. फ्लॅशची ताकद चौथाई, आयएसओ ८००, एफ/४, १/१२५. चादरीनं उजेड बराच खाल्ला, तरी पुरून उरला. चौथाई ताकदीमुळे सेल तापले नाहीत आणि दोन-तीन सेकंदांत पुढचा फोटो घेता येत होता.

खोलीतला बल्ब फोकससाठी चालूच ठेवला. तो फ्लॅशच्या उजेडापेक्षा जवळपास पाच स्टॉप खाली होता, त्याचा रंग फोटोत उतरायचा प्रश्नच नव्हता. सात वाजता लाइन गेली तेव्हा मोबाइलच्या टॉर्चवर फोकस केला आणि काम थांबलं नाही. चादरीतून येणारा फ्लॅश कुणाच्याच डोळ्यांना खुपला नाही. दुसऱ्या दिवशी सगळे फोटो एकत्र लावले. बाहुलीतला उभा पांढरा ठिपका सगळ्यांत सारखाच होता.

आफ्रिकेत मालीच्या बामाको शहरात सेदू केइता नावाच्या फोटोग्राफरनं १९४८मध्ये अंगणात स्टुडिओ थाटला होता, आणि त्याचा पहिला पडदा म्हणजे त्याच्याच पलंगावरची चादर होती. जगभर आज ते फोटो संग्रहालयांत आहेत. घरातली चादर वापरताना मला कमीपणा वाटत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

उजळ म्हणजे काय

पुण्या-नागपूरला असलेल्या मुलांचे फोन आठवडाभर आले. जवळजवळ प्रत्येकाचं मागणं एकच : जरा उजळ करून द्या. काहींना गोरं म्हणायचं होतं आणि संकोचानं ते उजळ म्हणत होते. मी गोरं केलं नाही. त्या आजीचा रंग पन्नास वर्षं वावरात कमावलेला आहे आणि ज्या फोटोत तो नाही तो तिचा नाही, कोट चढवलेल्या फोटोसारखाच. हे मी फोनवर सगळ्यांना सांगितलं. दोघं नाराज झाले, बाकीच्यांनी ऐकून घेतलं.

पण त्या मागण्यात एक खरं कारणही होतं आणि ते मला प्रिंट घेऊन गेल्यावर कळलं. पहिले पाच प्रिंट मॅट कागदावर काढून मी घराघरांत नेले. स्टुडिओच्या ट्यूबलाइटखाली ते बरोबर होते. माजघराच्या भिंतीवर, कवेलूंच्या खाली, जिथं घरातल्या गेलेल्या माणसांच्या तसबिरी असतात तिथं धरले तर चेहरे अंधारात बुडाले. तिथं दिवसासुद्धा उजेड फारच थोडा असतो. मग सगळ्या फाइली अर्ध्या स्टॉपनं वर उचलल्या. कातडीचा रंग बदलला नाही. चेहरा, टोपी, लुगडं, सगळंच सारखं वर. सावल्या थोड्या जास्त उघडल्या.

नवे प्रिंट घेऊन गेलो तेव्हा गोंदणाच्या आजीनं माझं हे सगळं गणित बाजूला सारलं. "जित्या मानसाचा फोटू भिताडावर लावत नाही बापा," ती म्हणाली. तिनं प्रिंट लुगड्यात गुंडाळून लोखंडी पेटीत ठेवला. नंतर शेजारीण आली तेव्हा पुन्हा काढला आणि दोघी तो घेऊन दारात, उजेडात गेल्या. तिथं तो अर्धा स्टॉप जास्तच दिसत होता, कपाळावरचे ठिपके फिके पडले होते.

मग प्रत्येकाचे दोन प्रिंट केले. पाच बाय सातचा एक, मूळ एक्स्पोजरचा, पेटीत ठेवायला आणि दारात पाहायला. बारा बाय अठराचा दुसरा, उचललेला, पाकिटात बंद करून ताईंकडे. पाकिटांवर नावं त्यांनीच घातली आणि गटाच्या कपाटात ठेवली.